ग्रीन कार्डाची फाइल बायकोनेही वाचावी

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तिकडे कायमचे राहायला जायचे असेल, तर त्या प्रक्रियेतला पहिला अर्ज बायको करत नाही, नवरा करतो. आय-१३० या अर्जाद्वारे तो तिथल्या सरकारला कळवतो की ही माझी पत्नी आहे आणि तिला माझ्याबरोबर राहू द्यावे. कायद्याच्या दृष्टीने तो अर्जदार असतो आणि ती लाभार्थी. व्हिसा घेऊन ती अमेरिकेत दाखल होईपर्यंत तो हा अर्ज केव्हाही मागे घेऊ शकतो आणि त्यासाठी तिची संमती लागत नाही. मी ठाण्यात, नौपाड्यात वाढले, लग्नानंतरचा प्रतीक्षेचा काळही तिथेच आईकडे काढला, आणि त्या काळात ही गोष्ट मला कोणी समजावून सांगितली नव्हती; सूचनापत्रके वाचताना ती उमगली. माझा नवरा सरळ माणूस आहे आणि आमचे सगळे नीट पार पडले. तरीही आज जेव्हा ओळखीच्या घरांतून ‘कागदपत्रांचे जावईबापू बघतील’ असे ऐकू येते, तेव्हा मला त्या मुलीची काळजी वाटते, कारण ज्या फाइलवर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे ती तिने उघडूनसुद्धा पाहिलेली नसते.

मुळात स्थळ सांगून येते तेव्हाच एक प्रश्न स्पष्ट विचारायला हवा. बायोडेटामध्ये ‘अमेरिकेत स्थायिक’ असे लिहिलेले असते, पण त्या दोन शब्दांत तीन अगदी वेगळ्या परिस्थिती मावतात. मुलगा अमेरिकन नागरिक असेल, तर त्याची पत्नी ‘निकटच्या नातेवाईक’ या वर्गात येते, आणि या वर्गावर वार्षिक संख्येची मर्यादा नाही. कागद तपासायला जो वेळ लागेल तेवढाच. तो ग्रीन कार्डधारक, म्हणजे नागरिक नसलेला पण तिथे कायम राहण्याचा परवाना असलेला, असेल, तर पत्नीचा वर्ग बदलतो, त्याला वार्षिक मर्यादा लागते आणि रांगेत उभे राहावे लागते. तो एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर पत्नीला एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो, आणि ग्रीन कार्डाचा प्रश्न त्याच्या नोकरीतून मिळणाऱ्या अर्जाशी बांधला जातो, ज्यात भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे. त्यामुळे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पत्रिका पाहताना आपण संकोच करत नाही. पुनर्विवाह असेल आणि पदरी मूल असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. निकटच्या नातेवाइकांच्या वर्गात आईच्या अर्जात मूल आपोआप सामावले जात नाही. सावत्र वडिलांना त्या मुलासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो, आणि मूल अठरा वर्षांचे होण्याआधी हे लग्न झालेले असावे लागते.

यानंतरचा भाग आपल्या मराठी घरांना सर्वांत जास्त छळतो, म्हणून त्यावर मी सविस्तर लिहिते. तो म्हणजे नावे. आपल्याकडे मुलीच्या नावामागे वडिलांचे नाव आणि आडनाव येते, लग्नानंतर त्या जागी नवऱ्याचे नाव आणि आडनाव येते, आणि काही घरांत पहिले नावही बदलले जाते. जन्मदाखल्यावर एक क्रम, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर लग्नानंतरचे नाव, पॅन कार्डावर माहेरचे, आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी पहिल्या नावाला जोडलेले तर कधी गाळलेले, अशी अवस्था जवळजवळ प्रत्येक मुलीची असते. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण ही सगळी नावे एकाच बाईची आहेत हे आपल्याला ठाऊक असते. आय-१३० मंजूर झाल्यावर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरमध्ये बसून फाइल तपासणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसते, आणि त्याने ते गृहीत धरावे अशी अपेक्षाही करता येत नाही. म्हणून डीएस-२६० या व्हिसाच्या अर्जात आजवर वापरलेली सगळी नावे न चुकता लिहावीत, आणि लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हा निर्णय आय-१३० भरण्यापूर्वी घ्यावा. मी माहेरचे नाव कायम ठेवले. नवऱ्याचे नाव लावणे अमेरिकेला आवश्यक वाटत नाही, आपल्या पासपोर्ट कार्यालयालाही वाटत नाही. नाव लावायचेच असेल तर खुशाल लावावे, पण फाइल अर्ध्यावर असताना पासपोर्ट बदलून घेऊ नये. मग जुन्या आणि नव्या नावांना जोडणारी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातली जाहिरात आणि त्यांचे खुलासे यांतच महिने जातात.

जन्मदाखल्याचीही अशीच एक अडचण आहे. जन्माची नोंद रुग्णालयातून लगेच होते आणि बारसे नंतर होते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर मुलाच्या नावाचा रकाना कोराच राहिलेला असतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये नाव नंतर घालण्याची सोय आहे, परंतु ते काम महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन करावे लागते आणि जितका उशीर तितके कागद वाढतात. नवी मुंबईत जन्मलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तिथली महापालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली. त्याआधीची नोंद तिथल्या गावांच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधावी लागू शकते. नोंद मुळीच सापडली नाही, तर अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबर आईवडिलांचे किंवा जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडता येते. ज्यांचे आईवडील आज हयात आहेत त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. जो कागद फक्त मराठीत आहे, उदाहरणार्थ शाळा सोडल्याचा दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे आणि दोन्ही भाषा आपल्याला अवगत असून भाषांतर अचूक आहे असे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन त्याखाली असावे.

लग्नाच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. लग्नपत्रिका, सभागृहाची पावती आणि सप्तपदीची छायाचित्रे हा विवाहाचा कायदेशीर दाखला नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे नोंदणी होते, तीन साक्षीदार लागतात आणि नवरा-बायको दोघांना हजर राहावे लागते. तिकडून आलेल्या मुलाची रजा दोन-तीन आठवड्यांची असते, आणि त्यातले बरेच दिवस केळवणे, देवदर्शन आणि सत्यनारायण यांत जातात. नोंदणीची वेळ मुहूर्ताबरोबरच ठरवून ठेवावी. ज्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी तीस दिवसांच्या नोटिशीची अट आहे, आणि ती रजेच्या हिशेबात आधीच धरली पाहिजे.

ठरवून केलेल्या लग्नाकडे अमेरिकन अधिकारी संशयाने पाहतात, अशी एक भीती आपल्याकडे आहे. कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा खरा हेतू होता का? ओळख कशी झाली, हे त्यानंतर येते. मुंबईच्या वकिलातीला साखरपुडा, हळद आणि दोन्ही घरच्या माणसांनी भरलेली छायाचित्रे नवीन नाहीत. उलट मोजक्या माणसांत केलेल्या साध्या लग्नाला पुरावा कमी पडतो, आणि साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या जोडप्यांनी इतर पुराव्याची तजवीज करावी: एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटे, नियमित संभाषणाच्या नोंदी, विम्यात आणि बँकेत केलेले नामनिर्देशन, सासरच्या माणसांबरोबर काढलेले सणवार. खोट्या लग्नाला मात्र अमेरिकन कायद्यात क्षमा नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि एकदा तसा ठपका बसला की पुढे खरे लग्न झाले तरी त्या व्यक्तीसाठी केलेला अर्ज मंजूर होत नाही.

पैशाचा भाग आय-८६४ या प्रतिज्ञापत्रात येतो, आणि माझ्या मते संपूर्ण फाइलमध्ये बायकोने सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असा कागद हाच आहे. त्यात नवरा हमी देतो की तो पत्नीचा निर्वाह शासनाने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीवर करील; २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या कुटुंबासाठी हे वार्षिक उत्पन्न सुमारे २६,४३७ डॉलर येत होते. उत्पन्न कमी पडले तर दुसरा हमीदार उभा करता येतो किंवा मालमत्ता दाखवता येते, आणि नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत मालमत्ता तुटीच्या तिप्पट असली तरी चालते. पत्नीच्या स्वतःच्या नावावरचा ठाण्यातला फ्लॅटसुद्धा यात धरता येतो, मात्र तो वर्षभरात विकून पैसे उभे करता येतील असे दाखवावे लागते. आता महत्त्वाचा मुद्दा. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. पत्नी अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडून जाईपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ती टिकते, आणि तिच्या आधारे पत्नी न्यायालयात दाद मागू शकते. संसार मोडल्यावर परक्या देशात रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या बाईला हे माहीत असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. सही केलेल्या आय-८६४ ची प्रत प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवावी.

ऐरोलीतल्या आमच्या एका परिचित जोडप्याची अडचण निराळी होती. नवरा अमेरिकन नागरिक, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर कित्येक वर्षे इथल्याच कंपनीत नोकरी करणारा. हमीदाराचे वास्तव्य अमेरिकेत असावे लागते, किंवा पत्नीबरोबर तो तिथे पुन्हा वास्तव्य करणार आहे हे पुराव्याने दाखवावे लागते: तिथली नोकरी, घराची बोलणी, बँक खाते, मुलांच्या शाळेची चौकशी. शिवाय अमेरिकन नागरिकाने जगात कुठेही कमावले तरी तिथले विवरणपत्र भरायचे असते, आणि आय-८६४ बरोबर ताज्या वर्षाचे विवरणपत्र लागते. इथे राहून ते न भरलेल्यांची फाइल याच ठिकाणी अडते.

शुल्काचा आकडा फार मोठा नाही, पण तो तुकड्यातुकड्यांनी येतो. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे आय-१३० ऑनलाइन भरल्यास ६२५ डॉलर आणि कागदावर भरल्यास ६७५, पुढे व्हिसा अर्जाचे ३२५, हमीपत्र तपासणीचे १२० आणि कार्ड तयार होण्यासाठी २३५ डॉलर. दर बदलत राहतात, म्हणून भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि लग्न होऊनही वर्षभर किंवा अधिक काळ वेगळे राहणे सोपे नसते. शेजारच्या काकूंपासून ते प्रवास एजंटापर्यंत अनेक जण एकच तोडगा सुचवतात: पर्यटक व्हिसावर जा आणि तिथेच राहून अर्ज कर. तिथे कायदेशीर तपासणी होऊन प्रवेश केलेल्या नागरिकाच्या पत्नीला अमेरिकेतच ग्रीन कार्डासाठीचा आय-४८५ हा अर्ज भरता येतो आणि मुदत उलटून राहिल्याचा दोषही तिच्या आड येत नाही, हे खरे आहे. परंतु ही सोय ज्यांची परिस्थिती तिथे गेल्यावर बदलली त्यांच्यासाठी आहे. कायमचे राहण्याचा हेतू मनात ठरवून, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ‘फिरायला आले आहे’ असे सांगणे ही खोटी माहिती ठरते, आणि त्याचा परिणाम कायमच्या अपात्रतेपर्यंत जाऊ शकतो. ज्या प्रक्रियेत सबंध फाइल तुमच्या खरेपणावर उभी असते, तिची सुरुवात असत्याने करू नये, असे मला मनापासून वाटते. आम्ही वाट पाहिली. नवरा सुटी मिळेल तेव्हा इकडे येत असे, आणि त्या भेटींची तिकिटे पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडली.

मुलाखतीआधी पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यावा लागतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलाही लागतो. वैद्यकीय तपासणी फक्त वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. तीत रक्त तपासतात, लसींच्या नोंदी पाहतात आणि छातीचे क्ष-किरण छायाचित्र काढतात. आपल्या भागात क्षयरोग दुर्मीळ नाही, आणि लहानपणी होऊन बरा झालेल्या आजाराचा डागही त्या छायाचित्रात दिसतो. तसे झाल्यास थुंकीचे तीन नमुने लागोपाठच्या दिवशी घेतात आणि त्यांच्या जीवाणू वाढीच्या चाचणीला आठ आठवड्यांपर्यंत वेळ जातो. म्हणून जुन्या उपचारांचे कागद आणि क्ष-किरण छायाचित्रे फेकून देऊ नयेत, आणि नोकरीचा राजीनामा किंवा घरातल्या सामानाची निरवानिरव हाती व्हिसा आल्याशिवाय करू नये.

मुंबईची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ठाण्याहून लोकलने कुर्ल्याला उतरून तिथून रिक्षा किंवा बस, असा प्रवास अनेक जण करतात. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे तो सांभाळायला कोणी तरी बरोबर असावे. नवऱ्याने मुलाखतीला हजर राहणे सक्तीचे नाही. आत शपथ घेऊन उत्तरे द्यायची असतात, आणि खिडकीपलीकडचा अधिकारी जे विचारतो ते नवऱ्याने भरलेल्या अर्जातूनच विचारतो: त्याचे आधीचे लग्न कधी संपले, तो काय काम करतो, तुमची पहिली भेट कुठे झाली. फाइल स्वतः वाचलेल्या बाईला यातले काहीच अवघड नाही. न वाचलेली बाई खरे बोलत असूनही अडखळते. एखादा कागद कमी असेल तर कलम २२१(जी) खाली प्रकरण थांबवून तो मागवतात. तो अंतिम नकार समजून घाबरू नये.

अंतिम नकार आला तर मात्र मार्ग फारच अरुंद आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ खटल्यात बहुमताने ठरवले की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा घटनादत्त मूलभूत हक्क नाही. त्या प्रकरणातली पत्नी अमेरिकन नागरिक होती आणि पती एल साल्वादोरचा. वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या निर्णयाची न्यायालये सहसा फेरतपासणी करत नाहीत, हे तत्त्व त्या निकालाने अधिक पक्के झाले. मला हा निकाल कठोर वाटतो, कारण तो संसाराला सरकारी विवेकाच्या हवाली करतो.

प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे कार्ड सशर्त आणि दोन वर्षांचे असते; झालेली असतील तर दहा वर्षांचे. ही अट १९८६ च्या कायद्याने आली. हिशेब मुलाखतीच्या तारखेने होत नाही, अमेरिकेत उतरण्याच्या तारखेने होतो, त्यामुळे लग्नाचा दुसरा वाढदिवस तोंडावर आला असेल तर तो इथे साजरा करून निघणे शहाणपणाचे. सशर्त कार्ड संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्यासाठीचा आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो. तो राहून गेला तर निवासाचा दर्जाच जातो. आणि इथेच कायदा पत्नीला पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभे राहू देतो: घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल, तर लग्न खऱ्या हेतूने झाले होते हे दाखवून, किंवा परत पाठवल्यास अतोनात हालअपेष्टा होणार असतील तर त्या कारणावर, ती हा अर्ज एकटी भरू शकते. छळ सोसणाऱ्या पत्नीला १९९४ च्या कायद्याखाली, काही अटींवर, नवऱ्याच्या नकळत स्वतःचा मूळ अर्जही करता येतो. नवरा वारला तर मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत विधवेला आपला हक्क पुढे चालवता येतो. ‘तुझे कार्ड माझ्या हातात आहे’ ही धमकी ऐकून गप्प बसलेल्या मुलींपर्यंत एवढे तरी पोहोचावे, या इच्छेनेच मी हे लिहायला घेतले.

कार्ड मिळाल्यावर ते टिकवण्याचे नियम आहेत. आईवडिलांच्या आजारपणात इकडे येऊन राहणे आपल्यापैकी प्रत्येकीवर कधी ना कधी येते. एक वर्षाहून अधिक राहावे लागणार असेल, तर पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करून निघावे लागते. सहा महिन्यांहून जास्त अनुपस्थितीने नागरिकत्वासाठी मोजला जाणारा सलग निवास खंडित झाला असे धरले जाऊ शकते. नागरिक नवऱ्याबरोबर संसार चालू असेल तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, वेगळे राहत असाल तर पाच वर्षांनी. ग्रीन कार्डाने भारतीय नागरिकत्व जात नाही, अमेरिकन नागरिकत्व घेतल्यावर मात्र जाते. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळते, पण मतदानाचा हक्क आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभा राहत नाही.

शेवटी इथल्या पैशांबद्दल. ग्रीन कार्ड मिळाल्यावर जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या करकक्षेत येते, म्हणजे इथल्या मुदत ठेवींचे व्याजही. भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कोणत्याही दिवशी दहा हजार डॉलरांच्या वर गेली, तर परदेशी खात्यांची माहिती देणारे एफबार नावाचे निवेदन अमेरिकन सरकारला द्यावे लागते, आणि आईच्या खात्यावर सोयीसाठी दुसरे नाव लावलेले असेल तर ते खातेही त्यात मोजले जाते. इकडे फेमा या परकीय चलनविषयक कायद्याप्रमाणे निवासी बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. बँकेचे हे काम निघण्यापूर्वी, शाखेत समोर बसून उरकावे, आणि आईच्या खात्यावर आपल्याऐवजी इथे राहणाऱ्या भावाचे किंवा बहिणीचे नाव लावता येते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.